बंबवाल्याच्या तोंडातली सिगारेट

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण शिडी चढून-उतरून पाठ धरली आहे, उभ्यानेच केलेला गोड मानून घ्या.) तुमचा खोकला कसा आहे? मामी फोनवर "बरा आहे" म्हणाल्या, पण मागून तुमचा आवाज येत होता, तेव्हा काय ते कळलं. इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

झालं असं, की आमच्या संग्रहालयात 'आपलं शहर' नावाचं प्रदर्शन भरतंय. मुख्य बाईंनी दर्शनी भिंत माझ्या गळ्यात घातली, आणि चित्र पसंत पडलं तर नोकरी पक्की करते म्हणाल्या. मला तुमची ती सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली जुनी कार्डं आठवली. त्यातलं नगरभवनाचं उचललं. काय मांडणी आहे हो! मधोमध मनोरा, डावीकडे लाल बंब आणि बंबवाला, उजवीकडे पायऱ्यांवर नर्सबाई, आणि रस्ता इतका स्वच्छ की नगरपालिकेने तो आपला म्हणून ओळखू नये. पत्त्याएवढ्या तुकड्यावर अख्खं शहर शिस्तीत उभं! मी चौकटी आखल्या आणि एकेक चौकट बघून भिंतीवर उतरवत गेलो. (चौकटीत रंग दिसतो, वस्तू दिसत नाही, हा या पद्धतीतला घात.) शेवटी मागे सरकून पाहिलं, तर काय! बंबवाल्याच्या तोंडात सिगारेट! कार्ड सिगारेटवाल्यांचं, ते दुसरं काय काढणार म्हणा. पण उद्‌घाटनाला आरोग्याधिकारी येणार आहेत, आणि त्यांच्यापुढे तंबाखूचं नुसतं नाव काढायची सोय नाही.

सिगारेट पुसली. तर ओठांचा चंबू तसाच राहिला, आणि समोर नर्सबाई. भर चौकात! घाईघाईने तोंडात शिट्टी दिली, तर तो बस सोडणारा कंडक्टर दिसायला लागला. थर्मामीटर दिला, तर तापाने फणफणत कामावर आल्यासारखा वाटतो. त्यात धूरही पुसून बसलो होतो. तो धूरच वळणं घेत नजर मनोऱ्यापर्यंत नेत होता, हे आधी कुणाच्या बापाला ठाऊक! आता मनोरा कलल्यासारखा दिसतो. ओळंबा लावून पाहिला, सरळ आहे. तरी कलतोच. माझं जेवणावरून लक्ष उडालंय. ही म्हणते, "एवढं बारकाईने कोण बघतंय?" अहो, भिंत आहे ती, आंधळ्यालाही आडवी येईल!

तुमचा घाबरट भाचा

ता. क. तुम्ही जन्म बंबावर काढलात, तेव्हा उद्‌घाटनाला गणवेश घालून या आणि त्या बंबवाल्यापुढे उभे राहा. तुमची रुंदी पुरेल. (रागावू नका.) बटणं लागत नसली तर उघडी ठेवा, पण जागचे हलू नका.

ता. क. दुसरा. खिसे रिकामे करून या. ज्याला झाकायचं त्याच्याचपुढे तुम्ही धूर काढत उभे, असं नको. पुलाचं कार्ड मिळून संच पुरा झाला की सिगारेट सोडतो, असं तुम्ही दरवेळी सांगता. मामा, पाकिटात कार्डं निघायची बंद होऊन जमाना लोटला!

ता. क. शेवटचा. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, मला खरी धास्ती तुमच्या खोकल्याची आहे. पुलाचं कार्ड मीच रंगवून सोबत घातलंय. संच पुरा झाला. कठड्याशी उभा आहे तो जाडा माणूस तुम्ही. त्याचे दोन्ही हात मी कठड्यावर ठेवलेत.