बर्फाच्या रोपांबाबत, आणि धोंडीबा माळ्याच्या नावापुढील शब्दाबाबत

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
सरकारी बंगले व बगीचे,
आदिलाबाद

अर्जदार: मनकर्णा भ्रतार धोंडीबा, राहणार तलमडुगु

विषय: बरखास्त माळी धोंडीबा यांच्या नोकरीच्या कागदावरील ‘चोर’ हा शब्द नव्या नकलेत न उतरविण्याबाबत.

संदर्भ: राज्याची फेररचना झाल्यामुळे जुन्या दप्तराच्या तेलुगू व इंग्रजी नकला करण्याचे चालू असलेले काम.

महोदय,

१. अर्जदार बाईस लिहिता येत नाही. ती सांगत आहे व अर्जनवीस केशवराव ते सरकारी भाषेत उतरवीत आहेत. कोणाचे बोलणे जसेच्या तसे लिहिणे भाग पडले तेथे ते तसेच ठेवले आहे. सांगता सांगता बाई मध्येच उठून बाहेर जाते, तरी मजकुरात खंड जाणवल्यास राग नसावा.

२. अर्जदाराचा नवरा धोंडीबा बंगल्यावर माळी होता. तेथील मागील साहेब मूळचे वऱ्हाडचे. त्यांच्या बाईसाहेबांना झाडांचे फार वेड. त्यांचे बंधू आफ्रिकेत डॉक्टर होते, त्यांनी तिकडच्या खडकाळ मुलुखातली काही रोपे धाडली होती. बुटकी, जमिनीलगत पसरणारी, जाड पानांची. पानांवर बारीक दाणे चमकत, म्हणून साहेब त्यांना बर्फाची रोपे म्हणत. दुपारच्या उन्हात जांभळी फुले उमलत आणि ऊन कलले की मिटत. अशी रोपे आपल्या मुलुखात क्वचितच कोणाकडे असतील, असे साहेब म्हणत. बाईसाहेब वारल्या, तेव्हापासून ती रोपे धोंडीबानेच सांभाळली. पाऊस आला की हातातले जेवण टाकून तो गच्चीवर धावे व मातीच्या पसरट कुंड्या आडोशाला ओढी, कारण जास्त पाण्याने ती सडत.

३. राज्य फुटून साहेबांची नेमणूक मुंबई राज्यात झाली. आवराआवरीला हात म्हणून धोंडीबाने अर्जदारास गावाहून बोलावून घेतले. तोवर ती बंगल्याच्या गच्चीवर कधी चढलेली नव्हती. खानसामा सामानाबरोबर पुढे गेला होता, त्यामुळे शेवटच्या जेवणाचे काम अर्जदाराकडे आले. साहेब म्हणाले, “बाई, ज्वारीची भाकर आणि घोळीचं वरण कर. आमच्या गावाकडं असायचं.”

४. नव्या साहेबांच्या येण्यासाठी बगीच्यातले तण आदल्या दिवशीच उपटले होते, त्यात घोळही गेली होती. धोंडीबा बैलगाडी आणायला गेला होता. अर्जदार घोळ शोधत मागच्या ओट्यावर आली, तर तेथे गाडीत चढवण्यासाठी गच्चीवरून उतरवलेल्या पसरट कुंड्या मांडलेल्या. तांबूस देठ, जाड पाने, जमिनीला चिकटलेली. पानांवरची चमक तिला दव वाटली. साहेबांनी मुद्दाम कुंडीत लावलेली मोठ्या पानाची घोळ असावी, अशी तिची समजूत झाली. तिने ती मुळासकट उपटली, विळीवर चिरली आणि तुरीच्या डाळीत शिजवली. मुळे पुढे गाडी आली तेव्हा बैलांपुढे टाकली.

५. साहेबांनी वरण पुन्हा मागून घेतले. आंबटसर आहे, छान आहे, म्हणाले. हात धुतल्यावर त्यांनी पेटीतून बाईसाहेबांचे हिरवे पातळ काढून अर्जदाराच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “ती गेल्यापासून आज पोटभर जेवलो.” हे बोलणे धोंडीबाने दाराशी उभे राहून ऐकले.

६. गाडी भरताना कुंड्या रिकाम्या दिसल्या. साहेब पायरीवर बसले. धोंडीबाने एकदा कुंड्यांकडे पाहिले, एकदा विळीकडे आणि मग अर्जदाराकडे. ती तोंड उघडणार तोच तो म्हणाला, “मीच इकली जी. एका वैदूले.” साहेब पायरीवरून उठले. खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला आणि गाडीत बसले. जवळ उभ्या असलेल्या चपराशाने मात्र ते ऐकले व कचेरीत कळवले. धोंडीबाने पुढे चौकशीतही तेच सांगितले, त्यामुळे तो बरखास्त झाला यात कचेरीचा काही दोष नाही.

७. त्या दिवशी परतीच्या वाटेवर अर्जदाराने विचारले, “काऊन खोटं बोलले तुमी?” तो म्हणाला, “बायकोच्या हातची रोपं आपल्याच पोटात गेली हे त्यायले कळलं, तर तो मानूस जेवन सोडंल. मले चोर म्हनू दे.” त्यानंतर हा विषय त्याने घरात काढला नाही. अर्जदारास एका शब्दानेही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते, असे अर्जदाराचे म्हणणे आहे.

८. पूर्वी लिंबाची कलमे बांधायला धोंडीबाला गावोगाव बोलावणे असे. आता तो कोणाच्या मळ्यात शिरला की मालक मागोमाग हिंडतो. बाजारात भाजीवाल्या अर्जदाराला मुकाट्याने जागा करून देतात, हसत मात्र नाहीत. बाईसाहेबांचे पातळ तिला नेसवत नाही आणि कोणाला देववतही नाही. शेतात घोळ उगवली की ती तोंड फिरवून दुसऱ्या बांधाने जाते.

९. आता कागदाच्या नकला नव्या राज्यासाठी होत आहेत असे समजले. म्हणजे चोर हा शब्द आणखी दोन भाषांत जाणार. यासाठी अर्जदार कचेरीत आली असता कारकुनांनी सांगितले, की शेरा काढायचा तर कारण लेखी द्यावे लागेल, आणि ते कारण मागील साहेबांकडे अभिप्रायासाठी पाठवावे लागेल. येथेच अर्जदाराची अडचण आहे. शेरा जावा, परंतु कारण साहेबांपर्यंत जाऊ नये.

१०. तरी कारणाच्या जागी ‘रोपे शेळीने खाल्ली’ असे लिहिता येईल काय, याचा विचार व्हावा. त्या शेळीची मालकीण म्हणून अर्जदार उभी राहील व कोंडवाड्याचा जो दंड असेल तो भरेल. तिच्याकडे शेळी नाही; हुकूम झाल्यास घेण्यात येईल. शेळी चालत नसेल तर माकडे लिहावीत. तेही चालत नसेल तर चोर म्हणून अर्जदाराचेच नाव घालावे, कारण रोपे तिनेच उपटली आहेत. केशवरावांनी तिला समजावले, की ती सरकारी नोकर नसल्याने तिच्या नावाचा कागदच नाही. तिचे म्हणणे असे, की मग नवा करावा.

११. धोंडीबाची नोकरी परत मागण्यासाठी हा अर्ज नाही. या अर्जाची त्याला खबर नाही. अर्जदार मिरच्या विकायला म्हणून घरून निघाली आहे.

१२. वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर चोर हा शब्द आहे तसाच राहू द्यावा. धोंडीबाने तो आपण होऊन घेतला आहे, आणि अर्जदाराने तो मोडला तर ज्यासाठी घेतला तेच वाया जाईल. तसे असल्यास हा अर्ज आवकेत न चढवता, कोणत्याही दप्तरात न लावता, बाईच्या हातात परत द्यावा. ती बाहेर ओट्यावर बसून आहे.

मान खाली घालून, आपली नम्र,

मनकर्णा भ्रतार धोंडीबा
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहिणार: केशवराव, अर्जनवीस
आदिलाबाद, दिनांक १४ जानेवारी १९५७

सोबत: काही जोडलेले नाही.