बाळ अजून बसूनच आहे

नाशिक,
३ फेब्रुवारी २०२६

सौ. लंकाबाईंना सुवर्णाचा नमस्कार.

तिकडे सगळे बरे असतील. द्राक्षांची काढणी सुरू झाली असं जावई अमोलराव म्हणाले, म्हणजे तुम्हाला जेवायलाही सवड नसेल. निकिता बरी आहे. पायांवर थोडी सूज आहे, भूक चांगली आहे. काल भरली वांगी मागून घेतली.

फोनवर तुमचा आवाज चढतो आणि माझा बसतो, म्हणून लिहायला घेतलं. अमोलरावांच्या हाती देते आहे.

पोट चोळून बाळ फिरवायला आलेल्या कुसाबाईंना मी परत पाठवलं, त्याचा तुम्हाला राग आला. येणारच. सुनेच्या भल्यासाठीच तुम्ही पाठवलं होतं. बिचाऱ्या तेलाची बाटली सांभाळत पिंपळगावहून एसटीत उभ्यानं आल्या. मी त्यांना जेवू घातलं, साडी दिली आणि म्हटलं, “मोकळी झाली की तिला आणि बाळाला चोळायला तुम्हीच या. आत्ता पोटाला हात नको.” त्या म्हणाल्या, “माझ्या हातानं किती पोरं फिरली, विचारा गावात.” फिरली असतील. पण बाळाचं डोकं वर आहे, ढुंगण खाली आहे. वार कुठं चिकटली आहे, नाळ कुठून गेली आहे, ते बाहेरून हाताला कळत नाही. मी शाळा सातवीत सोडली, पण वाचनालयातून बाळंतपणावरची पुस्तकं आणून वाचते. जे समजलं नाही ते डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

गुरुवारी डॉक्टरीणबाई दवाखान्यात बाळ बाहेरून फिरवून बघणार आहेत. तेही हातानंच, पण तेव्हा मशीनवर बाळ दिसत असतं, ठोके ऐकू येत असतात. जरा वेगळं वाटलं की थांबायचं. आणि नाहीच फिरलं तर ऑपरेशनची तारीख.

तुम्ही अमोलरावांना म्हणालात, “पायाकडनं जन्मलं तर पोरामागं वीज लागंल.” लंकाबाई, निकिताचे बाबा पायाळूच होते. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो आमच्या दारात ओणवा उभा राहायचा, यांची लाथ खायला. हे लाथ मारायचे आणि वर चहा पाजायचे. भर पावसात मोटारसायकलवर सिन्नरच्या कंपनीत जायचे. वीज कधी जवळ आली नाही. गेले ते छातीच्या दुखण्यानं, लख्ख उन्हात.

गुरुवारी तुम्ही या. निकिताला बरं वाटेल.

असं लिहिलं खरं, पण निकिता धीट आहे. सोबतीला कुणीतरी हवं आहे ते मला. यांना आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर एकटी बसले होते. नर्सबाईंनी यांच्या चपला पिशवीत घालून आणून दिल्या. तेवढ्यावरून मी समजले. त्यानंतर दवाखान्याच्या बाकड्यावर मी बसलेले नाही. निकिताच्या तपासणीलाही उभीच असते. तिला वाटतं, आईला बसायला आवडत नाही.

राग धरूनच या, पण या.

तुमची विहीण,
सुवर्णा


नाशिक,
८ फेब्रुवारी २०२६

सौ. लंकाबाईंना नमस्कार.

द्राक्षाची पेटी मिळाली. निकितानं अर्धी संपवली, उरलेली लपवून ठेवली आहे. ठोके छान आहेत, सूज कमी आहे. बाळ अजून बसूनच आहे.

गुरुवारी तुम्ही आलात. बाकड्यावर “सरका जरा” म्हणून खेटून बसलात आणि व्यापारी भाव पाडतात म्हणून त्यांना शिव्या देत राहिलात. माझ्या कानात निम्मं शिरलं नाही, पण बोलत राहिलात ते बरं केलंत.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, बाळ अर्धं वळलं आणि पुन्हा जागेवर गेलं. तुम्हीच विचारलंत.

“म्हंजे नाय फिरलं?”

“नाही.”

“पण बरं हे ना?”

“एकदम बरं आहे.”

“मग बसू द्या की! आज्यावर गेलंय. लाथ मारायला पाय खाली नको का?”

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, पण मी हसले. हे गेल्यापासून यांच्या आठवणीनं मला फक्त रडू येतं अशी माझी समजूत होती.

आता १९ तारखेला ऑपरेशन आहे. त्याचं मी सगळं वाचलं आहे, भीती कमी झाली आहे. लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

जिना उतरताना तुम्ही म्हणालात, “बाळ बाहेर आणलं का पहिलं तुम्ही घ्या. पहिल्या हाताचं वळण लागतं पोराला.” मी म्हटलं, “नको, तुम्ही सवाष्ण आहात, तुम्हीच घ्या.” तुम्ही पायरीवरच थांबलात. “येड्या का काय हो तुम्ही!” एवढं बोलून रिक्षात बसलात ते वळून पाहिलं नाहीत.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी तुमच्याकडे ओटी भरायची वेळ झाली आणि मी स्वयंपाकघरात गेले. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. तुम्ही दोनदा हाक मारलीत. मी आतून म्हणाले, पोळी तव्यावर आहे. तव्यावर काही नव्हतं. गॅसही बंद होता. बाहेर बायका निकिताला चिडवत होत्या, ती हसत होती, आणि मी भिंतीला टेकून ते ऐकत होते. माझ्या नशिबातलं पोरीला काही लागू नये, एवढंच मनात होतं. इतकी पुस्तकं वाचली, पण ही भीती काही गेली नाही. ती मी निकितालाही कधी सांगितली नाही.

१९ तारखेला सकाळी लवकर निघा, हायवेला टेम्पोंची गर्दी असते. दार उघडलं की माझ्या शेजारी उभ्या राहा. माझ्या हातांखाली तुमचे हात धरा.

पण पहिलं मी घेईन.

बाळाची आजी,
सुवर्णा