लाल फुली

८ सप्टेंबर, सोमवार
बाबांनी जेवताना सांगून टाकलं. खंडेनवमीच्या पूजेत चौरंगावर जिने घडवलेला कोयता असेल, ती दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासमोर ऐरणीवर. जितेशदादा रोह्याला कंपनीत लागल्यापासून ती जागा रिकामी आहे.
जिने म्हणजे मीच. मनस्वीवहिनीही बघते म्हणाली. बघू दे. तिचं माहेर वरसे, वडील कंपनीत शिफ्टवाले. लग्नाआधी तिने भट्टी फोटोत पाहिलेली. मी भात्याची दोरी धरून चालायला शिकले. मत्सराचा प्रश्नच नाही.
निश्चय : उद्यापासून सहाला उठणे.

९ सप्टेंबर
साडेआठ. पाऊस होता.

१० सप्टेंबर
खांब गावच्या पोपटकाकांचं टेम्पोभर भंगार आलं. वहिनी लगेच हात घालायला निघाली, तेही हातमोज्यांशिवाय. मला सुरक्षेची काळजी. लाल ऑइलपेंट आणला आणि भिंतीवर नियम लिहिला : लाल फुली असलेलं भट्टीत घालू नये. फुली नसलेलं कोणीही घ्यावं.
बाइकच्या शॉकअपवर फुली. आत गॅस कोंडलेला, तापला की बॉम्बसारखा फुटतो. जीआय पाइपांवर फुली. वरचं जस्त जळून पांढरा धूर होतो, माणूस तापाने पडतो. वहिनीने निवडलेल्या सळईवर फुली. संशयास्पद. तिने दुसरी उचलली. तीही संशयास्पद.
बाबा म्हणाले, "शकू, ऐरण तेवढी सोड गो!"

१५ सप्टेंबर
सगळ्या ढिगात एकच वस्तू पास झाली : ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा. रंग खरवडला, ग्राइंडरवर धरून ठिणग्या पाहिल्या. बारीक, फुलासारख्या फुटणाऱ्या. कोयत्याला उत्तम. पुसून कोपऱ्यात ठेवला. माझा आहे हे लिहून ठेवायची गरज नाही, घरातल्यांना कळतं.
लगेच सुरू केलं असतं, पण पितृपक्ष आहे. घटस्थापनेला शुभारंभ.

१८ सप्टेंबर
वहिनी पितृपक्ष पाळत नाही. हातमोजे, गॉगल घालून बाबांसमोर घण मारते. बाबा म्हणाले, "हात बसतोय पोरीचा." मला लहानपणापासून एकच शब्द : "सरक."
गॉगल तिला शोभतो. हे मी निव्वळ निरीक्षण म्हणून लिहिते आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
अंघोळ, नवा ॲप्रन, तयारी पूर्ण. पाटा कोपऱ्यात नाही.
वहिनीच्या सांडशीत होता. लालभडक. अर्धा कोयता झालेला.
विचारलं. (शांतपणे. शेजारच्या सगुणाकाकू बाहेर आल्या, तो योगायोग.) वहिनी म्हणाली, "ताई, फुली नसलेला एवढाच होता. भिंतीवर वाचूनच घेतला."
आईकडे गेले. आई म्हणाली, "नियम तुझाच हाय ना? मग बोंबलतेस कशाला?"
जेवले नाही. नंतर थोडं जेवले.

२६ सप्टेंबर
आता ढिगात फुलीवालंच उरलं आहे. घाईत माझ्याकडून काही वस्तूंवर अन्याय झाला असावा. फेरतपासणी केली. एक जाड पट्टी पास. तिच्यावरची फुली थिनरने पुसली. पट्टीला चंदेरी चमक आहे, पण ती बहुधा स्वच्छतेची.

२७ सप्टेंबर, दुपार
पट्टी भट्टीत घातली. पांढरा धूर झाला. कोळसा दमट असणार.
वहिनीने ब्लोअर बंद केला, मला दंडाला धरून अंगणात ओढलं, मग तोंडाला ओढणी बांधून आत गेली आणि सांडशीने पट्टी बाहेर आणून टाकली. म्हणाली, "ताई, ह्याच्यावर फुली कशी नव्हती हो?"
मी खोकले. खोकणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
बाबांनी थिनरचा बोळा उचलला, हुंगला, खाली ठेवला. मग खिडक्या उघडायला गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
संध्याकाळी ताप. डॉक्टर म्हणाले, धुराचाच आहे, दोन दिवसांत उतरेल. हवाही बदलते आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
चौरंगावर घण, सांडशी आणि वहिनीचा कोयता. हळदकुंकू, झेंडूची फुलं. सगुणाकाकूंनी कौतुक केलं, तर वहिनी म्हणते, "ताईंची फुली होती म्हणून. नायतर मी पहिल्याच दिवशी शॉकअप घातला असता भट्टीत." हे तिने सगळ्यांसमोर म्हणायचं काही कारण नव्हतं. माणसाला धड रागावताही येत नाही.
मग बाबांनी फळीवरचा माझा लाल ब्रश घेतला आणि कोयत्याशेजारी ठेवला. म्हणाले, "हे पण हत्यारच हाय. पुसायला मात्र वापरायचं नाय." आणि त्याच्यावरही फूल वाहिलं.
उद्यापासून वहिनी ऐरणीवर. माझ्याकडे भंगार.
सगळे प्रसाद घेत असताना मी कोयत्याची धार अंगठ्याने तपासली. सुरक्षेसाठी.
धार उत्तम आहे. अंगठ्याला पट्टी बांधावी लागली. कोणी बांधली ते लिहीत नाही.