सुळ्याच्या टोकावरचा थेंब

आप्पा, तुमच्या स्टुडिओत आता मोबाइलची कव्हरं विकतात, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. मंगळवार पेठेतल्या निम्म्या नवऱ्या तुम्ही एकाच साच्यातून काढल्यात. तीळ गेला, देवीचे व्रण गेले, सावळा रंग गेला, मागं काश्मीरचा पडदा. निगेटिव्हवर कुठं पेन्सिलीचं, कुठं ब्लेडचं टोक फिरवून तुम्ही सगळ्यांना देखणं करायचात. बायको आणि फोटो शेजारी ठेवले तर नवरा गोंधळावा, इतकं देखणं.

मी गुहांचे फोटो काढते म्हटल्यावर गिऱ्हाइकांसमोर हसलात. दगडाचा कसला फोटो, तो काय लग्नाला उभा राहिलाय, म्हणालात. तरी मी आंध्रातल्या त्या चुनखडीच्या गुहेत गेलेच. तिथं छतातून पाणी झिरपतं, थेंबाथेंबानं चुना साठतो आणि हजारो वर्षांनी बोटभर सुळा लोंबतो. तसल्या एका सुळ्याच्या टोकाशी थेंब भरून यावा म्हणून मी तीन तास चिखलात गुडघ्यावर बसले. एकच फोटो जमला. पुण्याच्या प्रदर्शनाला तोच पाठवायचा होता, माझा पहिला.

रोल तुम्ही धुतलात. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, म्हणून माझा चमकता थेंब तिथं काळा ठिपका दिसत होता. तुम्ही तो ब्लेडनं खरवडून टाकलात. मी विचारलं, तर चष्मा पुसत म्हणालात, "धूळ बसलीती की गं. साफ केली."

उभा जन्म निगेटिव्ह हाताळण्यात घालवलेला माणूस! गाढवाला गुळाची चव काय, असं मी तेव्हा मनात म्हणाले आणि आजही म्हणते. प्रदर्शनाला काहीच गेलं नाही. नंतर पुष्कळ गुहा झाल्या, पुस्तक निघालं, पण तसा थेंब परत मिळाला नाही. तुम्ही मात्र पेठेत सांगत फिरलात, पोरीचा फोटो खराब झालता, मी सुधारला.

हे पत्र तुमच्या फोटोमागं खोचून ठेवते, दुसरीकडं कुठं धाडणार? माझं पुस्तक हातात देऊन तो फोटो मीच काढलेला. "दगडंच की सगळी," एवढंच म्हणाला होतात. तुम्ही गेल्यावर, हार घालायचा म्हणून मी तो कॉम्प्युटरवर मोठा केला, तेव्हा डाव्या डोळ्याच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसला. धूळ असेल म्हटलं आणि पुसून टाकला. मूळ फोटो मी ठेवलेला नाही.