जुन्या मशीनच्या वाट्याची वीज

बाबा, तुम्ही ज्या मशीनवर राबलात ती बंद करायची की नाही, हे आता माझ्या आकड्यांवरून ठरणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वीजघरात तिला अजून तुमच्याच नावाने ओळखतात.

शाळेच्या आधी गणित तुम्हीच शिकवलंत. घरी धानाच्या रोवणीला आलेल्या माणसांचं जेवण आहे, दोन्ही चुली पेटल्या आहेत आणि शेवटचा हंडा कुठे ठेवायचा, हे तुम्ही मला विचारता आहात. मी दोन्हीकडची जळलेली लाकडं मोजू लागते. "जळलं ते सोड पोरी. या हंड्याले आनखी लाकूड कोन्त्या चुलीत कमी लागन, ते सांग." आई चिडते, "आंधी भात शिजू द्या. मानसं तिचं उत्तर खातीन का?"

कचेरीत आता मी हेच करते. उद्या चांद्याला कोणत्या वेळी किती वीज लागेल याचा अंदाज घ्यायचा, आणि प्रत्येक वाढीव युनिट, ज्या मशीनला त्यासाठी सर्वांत कमी जादा कोळसा लागेल, तिला द्यायचं. तुमच्या मशीनच्या वाट्याला जवळजवळ काही येतच नाही. साहेब म्हणतात, मग तिच्या भट्टीवर माणसं कशाला ठेवायची? त्यांतला एक मध्यंतरी जिन्यात भेटला. "बापाची मशीन पोरगीच बंद करून राह्यली म्हना की, बाई!" तो हसला. मला हसता आलं नाही.

तेव्हापासून मला प्रत्येक आकड्याचा संशय येऊ लागला. भर पावसात जाऊन पाहिलं, तर नव्या मशीनचा कोळसा छपराखाली आणि तुमच्या मशीनचा उघड्यावर. भिजल्या कोळशाबरोबर तिच्या नावावर पाणीही तोललं जात होतं. कोणी मुद्दाम करतंय का? साहेबांना सांगितलं. "मग वाळवून तोला, बाई," ते म्हणाले. चिडले नाहीत, याचाही मला संशय आला.

ऊन पडल्यावर कोळसा पसरून वाळवला, तोलला, त्यावर दोन्ही मशीन चालवून पाहिल्या. फरक पुष्कळ कमी झाला. तुमची मशीन तरीही मागेच राहिली. मी म्हटलं, काटा बरोबर नसेल, पुन्हा तोलू या. साहेबांनी लगेच मान्य केलं. मी काटेकोर आहे, असं त्यांना वाटतं.

काट्यात खोट नाही, बाबा. भट्टीवरच्या माणसांची रोजी आणखी थोडी टिकावी म्हणून तसं म्हटलं, असं इथे लिहिणार होते. तेही खरं नाही. तुमची मशीन हरलेली मला बघवली नाही. तुम्ही समोर असता, तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं.