तापीदर्शनची चोविसावी सही

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ७.
नवीन डायरी. फुकट मिळाली. कागद चांगला, पण पहिल्याच पानावर आमदार धुडकू बोरसेचा हात जोडलेला फोटो. त्यावर जुन्या कॅलेंडरचा तुकडा चिकटवला. आता लिहायला मन लागतं.
संकल्प: यंदा धुडकूचा विचार करायचा नाही.

सकाळी ७.२०
एकच नोंद करतो, मग विषय बंद. आम्ही दोघं शिरपूरकडून एकाच साली सुरतेत आलो. उधन्याला एकाच कारखान्यात शेजारशेजारचे लूम चालवले. पुढे त्याने भेस्तानला जमीन घ्यायचं ठरवलं आणि मला भागीदार हो म्हणाला. मी दूरदृष्टीने नकार दिला. भेस्तानला कोण राहायला जाणार? आज तिथे त्याच्या सात स्कीम उभ्या आहेत. तो नशिबाने आमदार झाला. मी स्वतःच्या हिमतीवर इस्टेट ब्रोकर आहे.

५ जानेवारी, रविवार
सोसायटीची मीटिंग. तापीदर्शन अपार्टमेंट, चोवीस घरं, अध्यक्ष मी. (गच्चीवरूनसुद्धा तापी दिसत नाही.) इमारत जर्जर झाल्याची नोटीस आलीय. धुडकूची कंपनी पाडून नवी बांधून द्यायला तयार. लिफ्ट, पार्किंग, प्रत्येकाला एक खोली जास्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरच्या शोभाबाई म्हणाल्या, "भाऊ, छताचे पोपडे माझ्या डाळीत पडतात. आता तरी सही करा."
मी ठामपणे सांगितलं, इमारतीला काही झालेलं नाही. नुसता रंग हवा.
मला तर वाटतं, नोटीसही त्यानेच आणवली. आमदार म्हणून पाडायचं आणि बिल्डर म्हणून बांधायचं. हे मला कसं सुचलं नाही?

१४ जानेवारी, उत्तरायण
समोरच्या गच्चीवर धुडकू आला. पांढरा झब्बा, मागे फोटोवाले, हातात पतंग. बायका त्याला उंधियूची वाटी द्यायला धावल्या. त्यात शोभाबाईही. मी तासभर दबा धरून त्याचा लाल पतंग कापला. मोठ्याने ओरडलो. हर्षदाने सांगितलं, "पप्पा, एमएलए तो क्यारना गया. ए पतंग दत्तूकाकानी हती." म्हणजे आमदार केव्हाच गेला, पतंग शेजारच्या दत्तूचा होता. माझी मुलगी माझ्याशीही गुजरातीच बोलते.
बोट कापलं. दत्तूने बोलणं टाकलं.

१९ जानेवारी, रविवार
तेवीस सह्या झाल्या. फक्त माझी बाकी.
संध्याकाळी धुडकू स्वतः घरी आला! एकटा. सोफा सोडून खाली चटईवर बसला (अभिनय). माझ्या बायकोकडे, उषाकडे, कळण्याची भाकरी मागून खाल्ली, मिरच्यांचा ठेचा दोनदा घेतला. मग मला म्हणाला, "भिकनभाऊ, एकबी घर नाराज ठेईसन मी काम करत नही. तू नही म्हनशी तं नही."
म्हणजे घाबरला! आमदार असून मला घाबरतो. मी विचार करून सांगतो म्हटलं. जाताना तो उषाला म्हणाला, "वहिनी, गॅलरीमा उभ्या राहू नका." गॅलरी माझी, आणि सूचना ह्याच्या.
तो गेल्यावर उषा ताट उचलताना नुसतं माझ्याकडे बघत होती. बहुतेक अभिमानाने.

३ फेब्रुवारी, सोमवार
प्लॅन ठरला. धुडकूपेक्षा मोठा बिल्डर आणायचा. सुरतेजवळच्या सचिन गावात एक आहेत, त्यांच्या मॅनेजरच्या भावाशी माझी चांगली ओळख आहे. नवी इमारत मी आणली, असं सोसायटीत झालं पाहिजे. पाटीवर नाव लागलं तर नको म्हणणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. रात्रीची नोंद, नीट लिहिता येत नाही.
सकाळी सचिनला गेलो. मॅनेजरच्या भावाने मला ओळखलं नाही. तरी बसवलं. चार तास. ह्या काळात फोन सायलेंटवर होता, कारण मोठ्या माणसांसमोर फोन वाजलेला बरा दिसत नाही.
बाहेर येऊन बघतो तर हर्षदाचे एकोणीस मिसकॉल.
गॅलरीचा छज्जा पडला. उषा दोरीवरचे कपडे काढत होती. उजवं मनगट मोडलं, डोक्याला चार टाके.
पोहोचलो तोवर प्लास्टर झालं होतं. मी उचलेना म्हणून हर्षदाने धुडकूला फोन केला होता. त्यानेच उषाला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याचा झब्बा रक्ताने भरला होता. कॉरिडॉरमध्ये उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. तेवीस जण बोलले असते. तो फक्त म्हणाला, "ती शुद्धीवर शे. जाय मजार."
मी आत गेलो. माझ्या बायकोला त्याच्या गाडीतून. माझ्या आधी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
इमारतीला तसं काही झालेलं नाही, हे वाक्य आज दोनदा लिहून खोडलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
वकिलाकडे गेलो. धुडकूला कायदेशीर उत्तर द्यायचं म्हणून. माझ्या सहीशिवाय काम थांबलंय तर अटी माझ्या असाव्यात. वकिलाने घराचा दस्तावेज वाचला. चष्मा काढून म्हणाला, "काका, मालक उषाबाई भिकन महाले. तुमची सही कोणी मागितलेलीच नाही."
खरंच की. घर घेताना बायकोच्या नावाने करा, असा सल्ला मीच सगळ्यांना देतो.
घरी येऊन उषाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, कागद तिच्याच नावाने आला होता, संक्रांतीच्या आधी. पिठाच्या डब्याखाली ठेवलाय.
मग सही का केली नाहीस?
ती डाव्या हाताने भाजी निवडत होती. वर बघितलंही नाही. "म्हटलं, आधी तुम्ही हो म्हणाल. मग करू."
महिनाभर. छज्ज्याखाली उभी राहून कपडे वाळत घालत होती आणि मी हो म्हणायची वाट बघत होती.
जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी उषाला म्हणालो, हो. चल. एवढंच. तिने साडी बदलली. हर्षदाही सोबत निघाली.
धुडकूच्या ऑफिसात काय बोलायचं, ते रात्री ठरवून ठेवलं होतं. की मी मोठ्या मनाने परवानगी देतोय, वगैरे. धुडकू तिथे नव्हता. अधिवेशनासाठी गांधीनगरला. त्याच्या मुलीने, जागृतीने, पाणी दिलं आणि उषाला विचारलं, "काकी, दुखतंय का?" मला विचारलं, "काका, तुम्ही पण तापीदर्शनमध्येच राहता?"
उषाच्या उजव्या हाताला प्लास्टर. म्हणून डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही लागते. हर्षदा पुढे झाली. उषा म्हणाली, "नको. ह्यांना करू दे."
केली. पूर्ण नाव घातलं, भिकन धोंडू महाले. खाली 'अध्यक्ष' लिहायला गेलो, तिथे जागा नव्हती.