माझ्या लाल डोळ्यांबद्दल वन्संना खुलासा

तीर्थस्वरूप वन्संना, तुमच्या वहिनीचा (म्हणजे जी घरात सदान् कदा रडत बसलेली असते असं तुम्ही सांगत सुटलात, तिचा) वाकून नमस्कार.

पत्र सूनबाईच्या अक्षरात आहे म्हणून दचकू नका. मला लिहिता येत नाही हे तुम्ही जाणताच, आणि तुमच्या भाच्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नाही. मी सांगते, ती उतरवते. शेवटी सगळं शेजारणीकडून वाचून घेणार आहे, त्यामुळे तिला काही गाळता यायचं नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना कमी केलात का? झोप लागते ना? स्वतःला जपा. तुमची तब्येत ठणठणीत असलेली बरी, कारण पुढे जे सांगणार आहे ते नाजूक माणसाला झेपणारं नाही.

तर वन्सं, मागच्या महिन्यात तुम्ही आमच्याकडे राहून गेलात. आलात, चप्पल काढायच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहिलंत. पापण्या सुजलेल्या, डोळ्यांभोवती लाल वर्तुळं, कातडी सोललेली. तुम्ही मला स्वयंपाकघरात ओढून दार लोटलंत आणि काय झालं म्हणून विचारलंत. मी म्हटलं, काही नाही. आता माझ्या डोक्यात ‘काही नाही’ म्हणजे काही नाही. पण तुम्ही पडलात आमच्या घराण्याच्या लेकी. तुमच्या घराण्यात ‘काही नाही’ म्हटलं की सगळंच झालेलं असतं. तेवढ्यात डोळ्याला खाज सुटली म्हणून मी पदर लावला, आणि तुम्ही निकाल देऊन मोकळ्या झालात. माझी रंगवलेली नखंही तुमच्या नजरेतून सुटली नाहीत. त्याचा अर्थ तुम्ही असा लावलात की सून दिवसा रडवते आणि लोकांनी बोलू नये म्हणून वरून नटवून ठेवते. (सूनबाई, थांबू नकोस, लिही. मी बोलले नाही, त्या बोलल्या.)

बरं, हे पोटात ठेवायचं. तेही नाही. घरी पोचल्या पोचल्या तुम्ही फोन हातात घेतलात आणि नात्यातलं एक दार सोडलं नाहीत. ज्यांना मी जिवंत आहे की नाही याची वर्षानुवर्षं खबर नव्हती, त्यांचेही मला फोन आले, आणि तेही आवाज बारीक करून. शेवटी तुम्ही तुमच्या भाच्याला फोन केलात की रविवारी गाडी घेऊन येते, आईला कायमची माझ्याकडे नेते. तो बिचारा माळ्यावर चढला, माझी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली, आणि पुसता पुसताच मला विचारतो, “आई, खरं सांग, तुला इथे त्रास होतो का?” मी म्हटलं, होतो, तुझाच होतो. त्यावर त्याने बॅगेची चेनही चालते का बघून घेतली. बायकोला एका शब्दाने विचारलं नाही. तुमच्यावर गेलाय.

मला हे घर सोडायचं नाही, वन्सं. एकदा स्वच्छ सांगते म्हणजे पुढचं वाचताना तुमचा घोटाळा व्हायला नको.

आता डोळ्यांचं. तुम्ही जाताना गुलाबपाण्याची बाटली ठेवून गेलात, ती मी इमानाने लावली. चरचर झाली. तुमच्या भाच्याने ठरवलं की दोष टीव्हीचा, म्हणून त्याने वायरच काढून ठेवली. म्हणजे डोळेही गेले आणि करमणूकही गेली. मग त्याने एक महागडं क्रीम आणलं. वास असा की खोलीत कोणी लग्नाला निघालंय असं वाटावं. त्याने पापण्या आणखी फुगल्या. मग शेजारीण म्हणाली काकडीच्या चकत्या ठेवा. ठेवल्या आणि पडले, तर दूधवाला दारातून डोकावला आणि दूध तिथेच ठेवून पळाला. जो तो काहीतरी लावत होता, मी चोळत होते, आणि चोळलं की आग व्हायची. या सगळ्यात डॉक्टरकडे नेऊ या असं सुचलं एकीलाच, जिने मला रडवलं असं तुमचं म्हणणं आहे तिला.

कातडीच्या डॉक्टरीणबाई. दिसायला कॉलेजातली पोर, पण नजर तुमच्यापेक्षा बरी. आधी विचारलं डोळ्यांना काय काय लावता. मी पाढा वाचला. त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “आजी, नखांना हे कधीपासून लावता?”

झालं असं वन्सं, की सूनबाई दुपारच्या वेळी नखं रंगवण्याच्या वर्गाला जाते. नुसता लाल रंग फासायचा नाही, त्यावर फुलं, वेली, ठिपके, चमकी. परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे, पुढे स्वतःचं दुकान टाकायचं मनात आहे. सरावाला बोटं लागतात, आणि घरात रिकामी बोटं माझीच. रोज नवा रंग, रोज पुसायचं, पुन्हा नवा. मला बाधली ती ही नखं. तुम्ही म्हणाल नखांचं डोळ्यांना कसं. मीही तेच म्हटलं. तर म्हणे बोटांची कातडी जाड, तिला काही होत नाही. पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ. मला सवय, चष्मा काढला की बोटांनी डोळे चोळायची. रंगातलं औषध नखावरून पापणीवर जातं, बोट साळसूद राहतं आणि भोगते पापणी. (हा न्याय आपल्या घरात नवा नाही, पण तो विषय वेगळा.)

तेव्हा रंग बंद. गुलाबपाणी बंद, क्रीम बंद, काकडी कोशिंबिरीत. गार पाण्यात भिजवलेली स्वच्छ घडी डोळ्यांवर ठेवायची, साध्या पाण्याने तोंड धुवून टिपायचं, पुसायचं नाही. टॉवेल वेगळा. त्यांनी दिलेलं मलम अगदी पुसट, तेही सांगितले तेवढेच दिवस. चोळायचं तर मुळीच नाही. दुखायला लागलं किंवा धूसर दिसलं तर लगेच यायचं. आता सूज उतरली आहे, लाली फिकी झाली आहे. बॅग मी माळ्यावर परत टाकायला लावली. तुम्ही आता बसा, आणि ज्या क्रमाने फोन केलेत त्याच क्रमाने सगळ्यांना परत करा.

तुमच्याकडच्या लहानांना आशीर्वाद. मोठं तिथे तुमच्याखेरीज कोणी उरलं नाही, तेव्हा नमस्कार तुम्हीच ठेवून घ्या.

तुमची वहिनी
(जिचे डोळे फक्त सुजले होते)

ता. क. रविवारी येऊ नका, गुरुवारी या. त्या दिवशी सूनबाईची परीक्षा आहे. प्रत्येकीने समोर बसायला आपलं माणूस न्यायचं असतं. माझी बोटं बाद झाली. तुमची बोटं लांबसडक आहेत, नखंही माझ्याहून चांगली, हे मी इतकी वर्षं मुद्दामच बोलले नव्हते. शिवाय तुम्हाला डोळे चोळायची सवय नाही, तुमचे ते सतत उघडेच असतात. तरी डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं आहे. एक दिवस लावायला हरकत नाही, पापणीला खाज आली तर लगेच पुसायचं.

आणखी एक. हे सूनबाई लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिहीत नसशील तर फोन करून तोंडी सांगते, तेव्हा लिहिते आहे. दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाईंनी तिचेही डोळे पाहिले. तेही लालच होते, तुमचा फोन आल्या दिवसापासून. त्या म्हणाल्या, “यांना ॲलर्जी नाही आजी, या रडलेल्या आहेत.” मी मलम मागितलं. तर म्हणाल्या, याला मलम नसतं, ज्या कारणाने झालं त्या कारणालाच काहीतरी करायला सांगा.

तर कारणाने गुरुवारी सकाळी दहाच्या आत यावं, आणि नखं कापून येऊ नये.